पाटलाच्या पेटीत शेवंता

थंडीत कूलरवाल्याला काम नसतं आणि बोआंना असतं. गिरिधरमामाचं आयुष्य या दोन गोष्टी जुळल्यामुळे घडलं, आणि जुळल्यामुळेच बिघडलं.

मामाचं मानेवाड्यात कूलर दुरुस्तीचं काम. होळी पेटली की त्याचा फोनही पेटतो. "भाऊ, मोटर घुरघुरून राहिली." "भाऊ, पाणीच नाही चढून राहिलं." मग मृग लागेपर्यंत तो घरी फक्त आंघोळीपुरता दिसतो. उरलेलं वर्ष मोकळं. मोकळा माणूस आमच्याकडे पानठेल्यावर उभा राहतो किंवा राजकारणात पडतो. मामानं साप पाळले.

साप म्हणजे बोआ. अजगराच्या लांबच्या नात्यातले, बिनविषारी, अंडी न घालता सरळ पिल्लं देणारे, मुळातले परदेशी आणि सरकारदरबारी रीतसर नोंद केलेले. नोंदीचं मामा सगळ्यांना सगळ्यात आधी सांगतो, कारण घरी येणारे लोक तसेच असतात. एक जण पांढऱ्या गाडीतून आला, चप्पल बाहेर काढून सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, आणि आवाज तळघरात नेऊन म्हणाला, "भाऊ, डबल इंजन हाय काय?" डबल इंजन म्हणजे आपल्या शेतातलं मांडूळ. त्याच्यानं गुप्तधन सापडतं म्हणून लोक ते चोरून विकतात आणि जेलमध्ये जातात. मामानं त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कूलर घ्याचा हाय काय?"

मामाचा आवाजही त्याच्या कूलरसारखाच. बटण दाबलं की आधी नुसती घुरघुर, मग पंखा, पाणी पोचायला वेळ लागतो. पण एकदा पोचलं की समोरचा गार.

भंगारात निघालेल्या कूलरच्या पत्र्याच्या पेट्या घ्यायच्या, पुढे काच बसवायची, आत बल्ब सोडायचा, असं करत त्यानं मागची खोली भरून टाकली. नावं ठेवायचं काम आजीचं, म्हणजे मामाची आई रुखमाबाई हिचं. कोलंबिया देशाकडचा एक भलामोठा गडद नर होता. तो जेवायचा आणि पडून राहायचा, जेवायचा आणि पडून राहायचा. आजीनं त्याचं नाव ठेवलं पाटील. आणि एक मादी होती, फिकट, गुलाबीसर, अंगानं लहान. तिचं नाव शेवंता.

शेवंता मामाचा जीव. तिचं कूळ अमेरिकेकडच्या समुद्रातल्या कुठल्याशा चिमुकल्या बेटावरचं. व्यापाऱ्यांनी तिथून इतके बोआ उचलले की बेटावरच त्यांची वानवा झाली. "जंगलात संपला तं घरात तरी राहिला पायजे," मामा म्हणायचा. बेटावरच्याशी बेटावरचाच जोडायचा, दुसरं रक्त मिसळू द्यायचं नाही, हे त्याचं व्रत. विदर्भातल्या बोआवाल्यांच्या ग्रुपवर त्याला सगळे शुद्धभाऊ म्हणत. गल्लीत तो "ओ कूलर" होता, ग्रुपवर शुद्धभाऊ. माणूस कुठे राहणं पसंत करेल, ते उघड आहे.

त्या ग्रुपवर कुहीचा अंकित नावाचा एक पोरगा होता. नवा, उत्साही. त्यानं बेटावरच्या मादीला मुद्दाम कोलंबियाचा नर दिला आणि पिल्लांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "क्रॉस केला भाऊ, पाहा कसे चमकून राहिले पोट्टे." लपवलं काहीच नव्हतं. त्यावर मामानं जो व्हॉइस मेसेज टाकला तो पुढे अमरावती-अकोल्यापर्यंत फिरला. आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ आहे.

"हे पोट्टे नोहे बे, हे खिचडी हाय. आज तू सांगून राहिला का क्रॉस हाय. उद्या हे दुसऱ्याच्या घरी जाईन, तो तिसऱ्याले शुद्ध म्हणून देईन. मंग खरा बेटावरचा कोणता, हे वयखणारा माणूस राहणार नाही. जीव नको लावू. फ्रीजरमधी ठेव. सगळे."

अंकितला ग्रुपमधून काढलं. आजी तेव्हा पोळ्या लाटत होती. ती लाटणं हातात घेऊनच मागच्या खोलीत आली. "जन्मले त्याहिले फ्रीजर? त्याहिनं काय केलं गा?"

"तुले नाही समजत माय."

"मले नाहीच समजत," आजी म्हणाली आणि पोळी करपायच्या आत परत गेली.

हे झालं मागचं. आता या डिसेंबरची सकाळ.

नागपुरात यंदा अशी थंडी पडली की नळाला हात लावला तर नळच चावत होता. आजी ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होती. आत एका पेटीतला बल्ब उडाला आणि मामाचा आरडाओरडा सुरू झाला. बल्ब कुठे, होल्डर कुठे, कोणी काही जागेवर ठेवत काहून नाही.

"येवढ्यासाठी कायले बोंबलतं गा?" आजी बाहेरूनच म्हणाली. "ठेव त्याले पाटलाच्या पेटीत. मागं मी नव्हती ठेवली काय शेवंताले?"

मामा दारात आला.

"कधी?"

"तू बालाघाटले नव्हता गेला काय लग्नाले? तवा. असाच बल्ब उडाला होता. पोरगी थंडगार पडली होती बिचारी."

"पाटलाच्या पेटीत? किती वेळ?"

"तू येतपर्यंत. मंग शेजारच्या पोराकडून बल्ब लावून घेतला अन ठेवली जागेवर. दोघं असले का ऊब राहते."

"माय, सापाले ऊब नसते वं! बाहेर गरम तं तो गरम, बाहेर थंड तं तो थंड! दोन साप म्हणजे डबल थंड!"

"असं कसं? सगळ्याले असते," आजी म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

मामा ओट्यावर बसला. बालाघाटहून आल्यावर त्यानं शेवंताला तिच्याच बेटावरचा नर दिला होता, आणि उन्हाळ्यात पिल्लं झाली ती त्या नराचीच म्हणून त्यानं छाती फुगवून ग्रुपवर सांगितली होती. पण त्याआधीच ती पाटलाच्या पेटीत राहून आली होती, आणि बोआ थंडीतच जुळतात. एकाच वेळच्या पिल्लांत काही एका बापाची, काही दुसऱ्या बापाची असू शकतात. लहानपणी बघून सांगता येत नाही, मोठेपणीही खात्री नाही. ती पिल्लं आता तीन वर्षांची झाली होती. चंद्रपूर, वर्धा, मौदा, सगळीकडे शुद्धभाऊंच्या शब्दावर शुद्ध म्हणून गेली होती.

मौद्याला गेली होती तिचं नाव बेबी. ती प्रशिक मेश्रामकडे. प्रशिक तिकडच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला. मामाला गुरू मानणारा, "भाऊ म्हणतीन ते" हे त्याचं पालुपद. बेबी वाढत गेली तशी फिकट व्हायच्या ऐवजी गडद होत गेली. प्रशिक फोटो पाठवायचा, "भाऊ, जरा काळी नाही वाटत?" आणि मामा म्हणायचा, "मौद्याचं ऊन हाय बे ते." हे त्याला आता ओट्यावर बसल्या बसल्या आठवलं. मग फोन आठवला. आदल्या संध्याकाळीच प्रशिकनं ग्रुपवर टाकलं होतं, "बेबी आणि सायबची जोडी लावली. आशीर्वाद असू द्या." सायब म्हणजे प्रशिकचा बेटावरचा नर, कुठलीही शंका नसलेला. खाली मामाचा अंगठा होता.

त्यानं फोन लावला.

"जय भीम भाऊ! पाहिलं काय? रात्रभर सोबत हाय दोघं!"

"प्रशिक, जोडी काढ."

"काहून?"

इथे सांगायचं होतं. आईनं चुकून पाटलाच्या पेटीत ठेवली होती, संपलं. घुरघुर झाली, पंखा लागला, पाणी काही आलं नाही. अंकित डोळ्यापुढे आला असेल, ग्रुप आला असेल, "ओ कूलर" आलं असेल. मामा म्हणाला, "शेवंता मान वाकडी करून राहिली."

बोआंना एक रोग होतो, त्याला औषध नाही. साप मान उलटी टाकून आभाळातले तारे मोजल्यासारखा वर बघत राहतो आणि मरतो, आणि त्याच्या सोबतचा, शेजारच्या पेटीतला, तोही जातो. आईकडून पिल्लांत उतरतो, वर्षानुवर्षं दिसत नाही. बोआवाला देवाला भीत नसेल पण या रोगाला भितो.

"वर पाहून राहिली?" प्रशिकनं विचारलं.

"हं. बेबीले मी घेऊन जातो. येऊन राहिलो. तू काही करू नको."

मामाचा हिशेब सोपा होता. बेबी आणायची, मागच्या खोलीत ठेवायची, पुढे कधीतरी "आजार दिसत नाही, पण जोडी नको" म्हणायचं. खोटं लहान, काम मोठं. तो मोटरसायकलवर बसला. "जेवून जा," आजी म्हणाली. तो थांबला नाही.

पुढचं मला मामाकडून, प्रशिककडून आणि त्याच्या बायकोकडून, मेघाकडून, वेगवेगळं कळलं, आणि तिघांचं एकच निघालं. आमच्या लोकांत असं होत नाही.

प्रशिकच्या गेटापासूनच फिनाईलचा वास येत होता. मेघा पायरीवर बसली होती. "भाऊजी, तुम्हीच बोला त्याहिच्याशी. सकाळपासून पाणी नाही घेतलं त्याहिनं. फरशी पुसते, हात धुते, अन पुन्हा फरशी पुसते."

आत प्रशिक पेट्यांच्या पुढे उकिडवा बसला होता. हात ब्लीचनं पांढरे झालेले.

"कालच ठेवले ना भाऊ मी संग. एक दिवस थांबलो असतो तं सायब वाचला असता."

"सायबले काय झालं?"

"व्हाचं हाय अजून. जनावराच्या डॉक्टरीणबाईले फोन केला. दवाखाना झाला का येते नागपूरहून. दोघाहिले संगच इंजेक्शन देऊ म्हणे, तरास नाही होत."

"अरे, मी म्हटलं ना काही करू नको! बेबीले नेतो मी. सायबले राहू दे."

"असं कसं भाऊ? रात्रभर एका पेटीत होते."

"असू दे. वाट पाहू. दोन-चार महिने अलग ठेव."

"अन बाकीच्याहिले लागलं तं? तुम्हीच शिकवलं ना, एकाची दया केली का दहा मरते?" प्रशिकनं मान हलवली. "नाही भाऊ. तुम्ही माया करून राहिले, मले समजते. पण नियम म्हणजे नियम."

मामानं आणखी दोन-तीन कारणं काढली. प्रत्येक कारणाला प्रशिककडे उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर मामाचंच होतं, त्याच्याच आवाजातलं, "बे" वर जोर देऊन. माणसानं आयुष्यभर शिकवावं आणि एका दुपारी ते सगळं दात घेऊन परत यावं, तसं.

मग प्रशिकनं सायबला बाहेर काढलं. साप हळूहळू त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि शर्टाच्या बाहीत तोंड घालून थांबला. "याची अशीच सवय हाय," प्रशिक म्हणाला. "बाबा गेले त्या साली आणला याले. घरी कोणी बोलत नव्हतं तवा. ड्यूटीवरून आलो का हा बाहीत घुसून बसे." त्यानं बाही सोडवली नाही. "मेघा, डॉक्टरीणबाईले विचार, निघाल्या काय?"

मेघानं फोन उचलला.

"नको लावू," मामा म्हणाला. "आजार नाही."

"काय?"

"आजार नाही बे. शेवंता चांगली हाय. सकाळी उंदीर खाल्ला तिनं. मी खोटं बोललो."

प्रशिक आधी हसला. खरंच हसला. बाहीतल्या सापाला छातीशी धरलं, मेघाकडे बघून पुन्हा हसला, "पागल झाले काय भाऊ, जीव घेता काय," आणि मग हसता हसता थांबला. "पण काहून?"

आता पाणी आलं, आणि आलं ते थांबेना. बालाघाट, बल्ब, पाटलाची पेटी, ऊब, सगळं. बेबी पाटलाची असू शकते. नसेलही. कोणाला कळणार नाही, आणि गोम तीच.

"म्हणून ते काळी," प्रशिक म्हणाला.

"हं."

"अन तुम्ही म्हणे, मौद्याचं ऊन."

प्रशिकनं दुसऱ्या हातानं फोन काढला. शोधायला वेळ लागला नाही. फिनाईलच्या वासात मामाचाच आवाज लागला, गार, ठणठणीत. *हे पोट्टे नोहे बे, हे खिचडी हाय.* मेघा म्हणाली, "बंद करा ना ते." त्यानं केलं नाही. *जीव नको लावू. फ्रीजरमधी ठेव. सगळे.* तिथपर्यंत चालू दिलं.

"आईची चूक मी माफ केली असती भाऊ. कोणीबी केली असती," प्रशिक म्हणाला. "पण सायबले मी आज मारून राहिलो होतो. तुमच्या नाकासाठी."

त्यानं बेबीला कापडी पिशवीत घातलं, तोंड बांधलं आणि पिशवी मामाच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली. "रात्रभर संग होते. पोट राहिलं असन तं?"

"तं माझ्याकडे होतीन."

"मंग? फ्रीजर हाय ना घरी?"

परतीच्या रस्त्यावर ऊन उतरत चाललं होतं आणि वारा अंग चिरत होता. गाडीच्या मागं बांधली असती तर बेबी गारठली असती. मामानं पिशवी स्वेटरच्या आत, पोटाशी घेतली आणि चेन वर ओढली. सापाला ऊब नसते. मौद्यापासून मानेवाड्यापर्यंत ती त्याच्या पोटाची ऊब घेत आली, आणि त्याला, असं तो म्हणतो, पोटाशी बर्फाची लादी बांधल्यासारखं वाटत होतं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. आजीनं पिशवी बघितली. "आणलं काय पोरीले? खाल्लं काय तिनं काही?" मग त्याचा चेहरा बघितला आणि सगळं वदवून घेतलं. ऐकून झाल्यावर तिनं त्याचा फोन मागितला. मामाला वाटलं, बहिणीला लावायचा असेल. आजीनं ग्रुप उघडून घेतला, माइकचं बटण दाबलं आणि फोन ताटासारखा तोंडापुढे धरला.

"हालो. मी रुखमाबाई बोलून राहिले, गिरिधरची माय. शेवंताले पाटलाच्या पेटीत मीच ठेवलं होतं. थंडी होती. त्याले माहीत नव्हतं. त्याले कोणी काही बोलू नका. जेवले काय सगळे?"

गेला. मामानं फोन ओढून घेतला. मेसेज पुसून टाकता आला असता, त्याचा अंगठा तिथे गेलाही होता. मग त्यानं बटण दाबलं, बराच वेळ नुसती घुरघुर, आणि बोलला. "आई बोलली ते खरं हाय. ज्याच्याकडे शेवंताचे पोट्टे हाय त्याहिनं त्याहिची जोडी लावू नका. ठेवाचं नसन तं मले आणून द्या. प्रशिकले आजाराची गोष्ट मी केली, ती खोटी होती. ती आईची नोहे, माझी हाय."

थोड्या वेळानं स्क्रीनवर ओळ आली. अ‍ॅडमिननं त्याला काढलं होतं. त्या अ‍ॅडमिनला मामानंच नेमलं होतं.

अंकित ग्रुपमध्ये नव्हता, म्हणजे त्यानं हे ऐकलं नव्हतं. त्याला वेगळा फोन करावा लागणार होता. मामा मागच्या खोलीत गेला. दार लोटलं, पण त्या पत्र्याच्या खोलीत स्पीकर बंद केला तरी सगळं ऐकू येतं.

"कोण?"

"मी. गिरिधर. मानेवाडा."

"बोला, शुद्धभाऊ."

मामानं सांगितलं. या वेळी पाणी लगेच आलं. शेवटी म्हणाला, "तुह्यावाले आता मोठे झाले असतीन. कशी ठेवतं तू येवढ्याहिले? मले बी लागनच आता. कोणाले न देता कसं वाढवाचं, ते विचाराचं होतं."

"माह्यावाले?"

"ते क्रॉसचे पोट्टे."

"तुम्ही सांगितलं होतं ना भाऊ," अंकित म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ठेवले."

"कुठी?"

"फ्रीजरमधी. सगळे. तुम्ही म्हटलं, जीव नको लावू. लागला होता, पण ठेवले. डब्यात. माय माही आइस्क्रीम समजून उघडाले गेली होती."

पेट्यांमधले बल्ब जळत होते. पाटील जेवून पडला होता. बेबी पिशवीतून अर्धी बाहेर येऊन मामाच्या मनगटावरून कोपराकडे चालली होती, गडद, जाडसर, कोणाची ते कोणाला न कळणारी.

"अंकित," मामा म्हणाला. पुढे काही नव्हतं. पंखा नाही, पाणी नाही, नुसती घुरघुर.

"तुम्हावाली हाय काय जिवंत?"

"हाय. हातावर हाय."

"मंग राहू द्या. पण मले तिचा फोटो नका पाठवू." फोन बंद झाला.

मामा तसाच बसून राहिला. आजीनं दारातून दोनदा जेवायला बोलावलं, तिसऱ्यांदा ताट आणून पाटलाच्या पेटीवर ठेवलं आणि गेली. भात निवला. बेबीनं कोपर ओलांडलं आणि स्वेटरच्या बाहीत तोंड घालून थांबली. ही सवय तिनं मौद्याला एका रात्रीत उचलली होती की काय, कोण जाणे.

मग फोन वाजला. कुहीहून अंकितचा मेसेज. फोटोबद्दल काही नव्हतं. एवढंच लिहिलं होतं:

"खाते काय नीट?"